विहिरीजवळची ओळ

कापूस फुटला की माझ्या वर्गातल्या मुली पेन धरायला कुरकुर करतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला ओरबाडतात आणि त्या ओरखड्यांवर पेनाचा नुसता दाब पडला तरी झोंबतं. सुट्टीच्या दिवशी सगळ्या रानात असतात, सोमवारी वर्गात. कुणाच्या वेणीत कापसाचा तंतू, कुणाच्या ओढणीला वाळका पाचोळा. खिडकीतल्या उन्हात तो कापूस तरंगत राहतो आणि मी फळ्यावर फ्रेंच क्रियापदं लिहीत असते. दसरा झालेला असतो, दिवाळी तोंडावर असते आणि मध्ये परीक्षा असते. जालन्याच्या कॉलेजात हा हंगाम असाच येतो, वेचणी आणि परीक्षा एकमेकींच्या पायात पाय घालून.

याच दिवसांत मुलं मला एक प्रश्न विचारतात. दर वर्षी चेहरा वेगळा, प्रश्न तोच. "मॅडम, तुम्ही आधी नियम सांगून न्हाई राह्यल्या, त्याच्यामागं काय हाय?"

त्या आवाजात तक्रार नसते, तपास असतो. मी काहीतरी दडवून ठेवलंय याची विचारणाऱ्याला खात्री झालेली असते. कुठे दडवलंय एवढंच त्याला शोधायचं असतं. मला त्याचा राग येत नाही. मीही कुंभार पिंपळगावाकडची. आमच्याकडे फुकट मिळालेला पेढासुद्धा आधी फोडून बघतात. दुकानदार जरा जास्त गोड हसून 'या ताई' म्हणाला की मी आपोआप पिशवी छातीशी धरते.

हा गुण आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. नव्या बियाण्याचं पाकीट घरी आलं की ते आधी उलटंपालटं करून बघायचे, मग नाकाशी धरायचे, मग त्यातले मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. कोंब आले तरी समाधान नाही. "पोत्यात उगवलं म्हंजे रानात उगवंल असं न्हाई," म्हणायचे. मग सगळ्या रानात जुनंच बी लावायचं आणि नव्याची एकच ओळ, तीही विहिरीजवळ. मोटार चालू करायला गेले की त्या ओळीकडे बघायचे, बंद करायला गेले की पुन्हा बघायचे. लहानपणी मला त्या ओळीतल्या रोपांची कीव यायची. बाकीचं रान आपल्या मनाने वाढतंय आणि या बिचाऱ्यांवर सारखा पहारा, असं वाटायचं.

पुढे एका हंगामात मीच ती ओळ झाले.

जालना हे बियाण्यांचं गाव. इथली मिरची-भेंडीची बियाणी पार आफ्रिकेत जातात आणि तिथल्या बऱ्याच देशांत व्यवहाराला फ्रेंच चालतं. म्हणून आमच्या कॉलेजात फ्रेंचचा वर्ग निघाला. हे कारण कळेपर्यंत आम्हाला त्या वर्गाचाच संशय होता. बी.ए.च्या पोरांना उगाच कोण कशाला फ्रेंच शिकवील? पुढे कळलं की कार्तिकात एका कंपनीकडे तिकडचे पाहुणे येणार आहेत आणि आमच्यातल्या एकाला कंपनी कामावर घेणार आहे. एकालाच. हे कळल्यावर वर्गाचा संशय संपला आणि एकमेकांचा सुरू झाला.

शिकवायला दोघं होते. पुराणिक सर वयस्कर, शांत, खडूचं बोट सदऱ्याला पुसणारे. ते आधी नियम सांगत, मग उदाहरण, मग अपवाद, मग अपवादाचा अपवाद. क्रियापदाची रूपं आमच्याकडून पाढ्यांच्या चालीवर म्हणून घेत. ज स्वी, त्यू ए, इल ए. बे एक बे, बे दुणे चार. डोळे मिटले तर मी पिंपळगावच्या शाळेत बसलेय असं वाटायचं. दुसऱ्या सेल्वी मॅडम, पाँडिचेरीच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. वर्गात आल्या की फ्रेंचमध्येच सुरू व्हायच्या. पिशवीतून वांगं काढायच्या, कांदा काढायच्या, हे काय, ते कुठे, तुला आवडतं का, तुझ्या आईला आवडतं का. फळ्याला हात लावायच्या नाहीत. आम्ही चुकलो तर चूक दाखवायच्या नाहीत, तेच वाक्य नीट करून पुन्हा म्हणायच्या आणि पुढे जायच्या.

आम्हाला दोघांचाही भरवसा वाटेना. सेल्वी मॅडम फळ्यावर लिहीत नाहीत म्हणजे एकतर यांना नियम येत नाहीत, नाहीतर नियम शिकवणीसाठी राखून ठेवलेत. वर्गात अर्धं शिकवायचं आणि उरलेलं घरी शिकवणीत, ही चाल आम्हाला शाळेपासून ठाऊक होती. आम्ही वाट बघत राहिलो, मॅडम शिकवणीचं कधी काढतात याची. त्या काढेनात, तेव्हा संशय आणखी वाढला. इकडे पुराणिक सरांबद्दल वेगळीच कुजबुज. सरांच्या तोंडून पुस्तकाबाहेरचं एकही फ्रेंच वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. सेल्वी मॅडम व्हरांड्यात समोरून आल्या की सरांना नेमकं ऑफिसात काम निघायचं.

तिसरा मार्ग फोनमधला. एका ॲपवर कुठलंही बटण दाबलं तरी वा, छान, शाब्बास. आमच्या वर्गातला दत्ता, घरी मेंढरं असलेला, त्याने ते ॲप पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. "माझ्या बापानं जल्मात एवढी तारीफ केली न्हाई," तो म्हणाला. "हे करून राह्यलं म्हंजे कायतरी इकायचं असंल."

आता मी स्वतः शिकवते, तेव्हा मुलांच्या या शंकांमागे काय असतं ते थोडंफार दिसतं. नियम आधी हवा म्हणणाऱ्या मुली बऱ्याचदा त्या असतात ज्यांना चारचौघांत चुकायची धास्ती असते. वहीतली चूक वहीतच राहते, तोंडातून निघालेली बसमध्ये गावापर्यंत सोबत येते. एकीने मला सरळ सांगितलं होतं, "नियम सांगून चुकले तर चूक माझी. न सांगता चुकले तर तो तुमचा डाव." उलट काही मुलं नियम दिसला की आखडतात. रानात मोकळं बोलणारं पोरगं फळ्यावरचा तक्ता बघून तोंड शिवल्यासारखं बसतं. आणि काही प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत मांडतात, मग एकेक शब्द उचलून पलीकडे नेऊन ठेवतात. त्यांना घाई केलेली खपत नाही. सगळ्यांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं आणि सगळ्यांना दुसऱ्याच्या पद्धतीत कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

तर त्या वर्षी पेच असा होता की परीक्षेत येणार गाळलेल्या जागा, म्हणजे पुराणिक सर. आणि कंपनीला हवा बोलणारा माणूस, म्हणजे सेल्वी मॅडम. कुणाच्या मागे जायचं? चहाच्या टपरीवर दत्तानेच तोड काढली. "आपण पद्धतीचीच परीक्षा घेऊ. एक जण फक्त मॅडमपाशी शिकंल. सरांच्या तासाला बिलकुल बसायचं न्हाई, पुस्तक उघडायचं न्हाई, आपण बी त्याला कायी सांगायचं न्हाई. कार्तिकात बघू काय उगवतंय ते. पुढच्या सत्रात कुठं जायचं ते मंग ठरवू."

हे इतर कुठल्या कॉलेजातल्या मुलांना सुचलं असतं असं मला वाटत नाही. आम्ही सगळी बियाणं पारखणाऱ्या घरांतली, आम्हाला ते अगदी रीतसर वाटलं. प्रश्न एवढाच, ओळ कोण होणार? सगळे कपातल्या चहाकडे बघायला लागले. तेव्हा शीतल म्हणाली, "कुंदा व्हईल."

कुंदा म्हणजे मी. शीतल अंकुशनगरची, तिचे वडील साखर कारखान्यात. आम्ही जालन्यात एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो, एकमेकींचे कपडे घालायचो. मी तिच्याकडे बघितलं. ती बशीत चहा ओतत होती, वर बघत नव्हती. मी हो म्हणाले. बोलण्याची मला पहिल्यापासून हौस, आणि नाही म्हणणं भित्रेपणाचं दिसलं असतं. पण मनात पाल चुकचुकली ती तिथेच. जागा एक. चांगलं बोलणाऱ्या आम्ही दोघी. आणि माझं नाव तिने घेतलं.

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती सरांच्या तासाला गेली की मी बाहेर व्हरांड्यात बसायचे, आतून पाढ्यांची चाल ऐकू यायची आणि मी कानावर हात ठेवायचे. खोलीवर ती पुस्तक काढायची आणि माझ्याकडे पाठ करून वाचायची. करारच तसा होता, तरी मला ती पाठ खुपायची. मी विचारायचे, "हे वाक्य असं का गं?" ती म्हणायची, "मला सांगता येत न्हाई. ठरलंय आपलं." आणि पुन्हा पुस्तकात डोकं. आमचा डबा तोच होता, पण जेवताना मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

एक मात्र झालं. माझी जीभ सुटली. कांद्यावरून भाजीवर, भाजीवरून आईवर, आईवरून पावसावर, मी सेल्वी मॅडमशी बोलत सुटायचे. चुकत असणार, पण कुठे ते मला कळत नव्हतं, त्यामुळे अडतही नव्हतं. गावी गेले की कापूस वेचताना झाडांशी फ्रेंच बोलायचे. आई पलीकडच्या ओळीतून म्हणायची, "कुणाला शिव्या देऊन राह्यली गं?" दुपारच्या उन्हात तुरीची पिवळी फुलं, बोंडांचा कोरडा वास, ओच्यात जमणारा मऊ भार, आणि माझ्या तोंडात कुठला कुठला देश. त्या वेळी मला कशाचाच संशय यायचा नाही. जालन्याच्या बसमध्ये बसलं की पुन्हा यायचा.

परीक्षेत मी कानाला बरं वाटेल ते भरलं आणि काठावर निभावलं. आबा म्हणाले होते, कार्तिकापर्यंत बघू; काम लागलं तर जालन्यात राहा, नाहीतर घरी ये, मग काय ते ठरवू. त्या 'काय ते'मध्ये काय काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. परतूरकडचं एक स्थळ चुलत्यांनी हेरून ठेवलं होतं.

पाहुणे आले ते दिवाळीनंतर. बोलण्यात पुढे म्हणून शीतलला आणि मला कंपनीच्या माणसाने मिरचीच्या प्लॉटवर नेलं. पाहुण्यांतले म्हातारे गृहस्थ स्वतः शेतकरी होते. उंच, अंगात लांब निळा झगा, पायात चपला. रस्त्याच्या कडेचीच झाडं दाखवायला कंपनीचा माणूस पुढे झाला, तसे ते थांबले. एक मिरची मोडली, हुंगली, बी दातांखाली धरलं आणि मग रानाच्या पार पलीकडच्या टोकाकडे बघत काहीतरी म्हणाले. शीतल वाक्य जुळवत होती, तिचे ओठ हलताना मला दिसले. मला मात्र शब्द कळायच्या आधीच माणूस कळला होता. ते आबा होते. "आतली झाडं दाखवा म्हणतायत," मी कंपनीच्या माणसाला सांगितलं. "रस्त्याकडंच्या झाडांवर त्यांचा इस्वास न्हाई." मग त्यांच्याशी माझं बोलणं सुरू झालं ते झालंच. पाणी किती, कीड कुठली, बी कुणाच्या घरचं. मी तोडकंमोडकं बोलत होते, ते हसत होते, पण उत्तर देत होते. बांधावरून परत येताना मला वाटलं, झालं, ही जागा माझी.

ऑफिसात आल्यावर कंपनीच्या माणसाने आम्हा दोघींपुढे कागद ठेवले. "पाहुणे काय म्हणाले ते फ्रेंचमधूनच थोडक्यात लिहून द्या. पत्रव्यवहार पण करावा लागतो इथं." शीतल खाली मान घालून लिहायला लागली. मी लिहिलं ते जसं ऐकलं तसं. मला शब्दांचे आवाज माहीत होते, त्यांची हाडं माहीत नव्हती. माझा कागद हातात घेऊन तो माणूस बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याने तो सौजन्याने पालथा ठेवला.

काम शीतलला लागलं.

अंबड चौफुलीवर आम्ही बसची वाट बघत उभ्या होतो. कापसाने भरलेला एक ट्रक गेला आणि रस्ताभर पांढरं उडालं. मी म्हणाले, "बळीचा बकरा करायला मीच सापडले व्हय तुला? जागा एक हाय, तुला आधीच माहीत व्हतं."

शीतलचा चेहरा उतरला. ती भांडेल असं मला वाटलं होतं, पण तिने आवाज चढवला नाही. "तुझ्या आबांनी नव्या बियाची ओळ कुठं लावली आजपावतर?" तिने विचारलं.

"हिरीजवळ. नजर ठेवाया."

"नजर ठेवाया न्हाई गं. खडकाळ रानात लावलं अन् न्हाई आलं, तर बी वाईट का रान वाईट, कसं कळायचं? चांगलं रान असतंय तिथंच पारखत्यात. आपल्यात सगळ्यात चांगलं रान तूच व्हतीस. म्हणून तुझं नाव घेतलं."

बस आली. मी चढले, ती दुसऱ्या बसची म्हणून खाली राहिली. खिडकीतून मी तिच्याकडे बघितलं नाही. रस्ताभर एकच विचार, किती पटकन सुचलं हिला. एरवी फ्रेंचमधलं एक वाक्य जुळवायला हिला पुराणिक सरांच्या नियमाइतका वेळ लागतो, आणि हे कसं जिभेवर तयार?

त्या वर्षी मी घरी जाऊन उरलेला कापूस वेचला. ते स्थळ कसंबसं टाळलं. पुढच्या वर्षी पुन्हा जालन्याला आले आणि पुराणिक सरांपुढे बसून पहिल्या नियमापासून सुरुवात केली. नंतर एम.ए. झालं, ही नोकरी लागली. शीतल कंपनीच्या कामाने अर्धं वर्ष आफ्रिकेत असते. दिवाळीला आम्ही एकमेकींना शुभेच्छा पाठवतो, पणतीच्या चित्रासकट. त्यापलीकडे काही नाही. तिचं ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलं, पण त्यावर भरवसा टाकला नाही. कधी खरं वाटायचं, कधी वाटायचं आयत्या वेळी रचलेलं. घरी आबांना एकदा विचारलं, नवी ओळ विहिरीजवळच का? ते म्हणाले, "तिथं सावली पडत न्हाई अन् मोटार जवळ." म्हणजे त्यांनीही धड काही सांगितलं नाही.

या वर्षीचा हंगाम भरात आहे. मी एकाच तासात दोन्ही करते, अर्धा वेळ सेल्वी मॅडमसारखा, अर्धा वेळ सरांसारखा, आणि मुलं दोन्ही अर्ध्यांवर सारखाच संशय घेतात. परवा तास संपवून निघाले, वाचायचा चष्मा टेबलावर राहिला म्हणून मागे फिरले. दाराशी पोचले तर आत चर्चा चालू होती. एक मुलगा म्हणत होता, "एकाला नुसतं बोलायलाच लावू. नियम सांगायचा न्हाई. मॅडमचं खरं का खोटं ते कळंल."

मी दाराबाहेरच थांबले.

"मंग सचिनला घेऊ," कुणीतरी म्हणालं.

"सच्याला? तो एरवी बी नापासच व्हतो. मंग पद्धत वाईट का सच्या वाईट, कसं कळायचं?" सगळे हसले, सचिनही हसला. "रोहिणीला घ्या. आपल्यात तयारीची तीच हाय. तिच्यावरच बराबर कळंल."

यातल्या कुणाला शीतल माहीत नव्हती. कुणाला अंबड चौफुली, कापसाचा ट्रक, काही माहीत नव्हतं. तरी ते वाक्य जसंच्या तसं आलं, सहज, काहीही न लपवता, कुणालाही न फसवता. मी दाराच्या कडेने आत बघितलं. रोहिणी खिडकीशी बसली होती. ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, यातला कोण आपल्यावर उठलाय ते शोधत. ते बघणं मी ओळखत होते. पण या वेळी मी दारात होते, तिच्या जागी नव्हते, आणि दारातून त्या सगळ्यांचे चेहरे अगदी साधे दिसत होते.

नंतर मी चष्मा घेऊन निघाले, तशी रोहिणी माझ्यामागोमाग व्हरांड्यात आली; मी दाराशी होते ते तिने बघितलं होतं. "मॅडम, ह्यांनी मलाच का निवडलं असंल?"

खरं कारण सांगितलं असतं तर तिने ते मानलं नसतं. मी मानलं नव्हतं. "बरोबर निवडलंय," मी एवढंच म्हणाले. "पण ओळीला पाणी द्यावं लागतं. तुला नियमाचं अडलं तर त्यांना विचारू नकोस, माझ्याकडे येत जा."

तिने डोळे बारीक केले. "त्याचा येगळा खर्चा किती, मॅडम?"

"काही नाही."

ती गेली, पण जिन्यावरून तिने दोनदा वळून बघितलं. फुकट म्हणाले, म्हणजे तिच्या मनात आता माझ्याबद्दलही काहीतरी सुरू झालं असणार. होऊ दे.

स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. मी शीतलचा नंबर काढला. तिच्या मागे बाजारासारखा गलबला होता, कुणीतरी फ्रेंचमध्ये भाव करत होतं. "कुंदा?" ती म्हणाली आणि लगेच आवाज दबला. "काय झालं? कामून फोन केलास?" दिवाळीशिवाय फोन म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं तिला वाटणं साहजिक होतं. तीही आमच्याकडचीच.

"काही न्हाई," मी म्हणाले. "हिरीजवळच्या ओळीचं बोलायचं व्हतं."

बाजाराचा आवाज येत राहिला. ती कुठेतरी आडोशाला गेली असावी, कारण तो हळूहळू कमी झाला. मग ती म्हणाली, "मी खरंच सांगितलं व्हतं गं."